आलोचकाकांची सुट्टी

घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पण ही झाली साध्या माणसांची रीत. आलोचकाका त्यांच्या एक पाऊल पुढे होते. पायात चप्पल अडकवता अडकवताच ते ‘आलो’ म्हणायचे आणि त्यावर पाचर मारावी तसा एक ‘च’ ठोकायचे. आलोच! म्हणजे नीट विचार केला तर काका निघायच्या आधीच परत आलेले असायचे. फक्त दिसायचे नाहीत, एवढंच.

आईवडिलांनी त्यांचं एक बरंसं नाव ठेवलं होतं, पण ते आता त्यांना स्वतःलाही जरा थांबून आठवावं लागायचं. त्यांच्या या शब्दाची पहिली झळ बसली ती काकूंना, आणि तीही लग्नाच्याच दिवशी. फोटोग्राफरच्या दिव्याचा खांब डुगडुगत होता. ते पाहून नवरदेवांच्या जिवाला चैन पडेना. ते खुर्चीवरून उठले, शेजारी नटूनथटून बसलेल्या मुलीशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले – “आलोच” – आणि खांबाखाली दगड लावायला गेले. फोटोग्राफरला घाई होती. त्या फोटोत नवरी आहे, नवरीचा भाऊ आहे, दोन्हीकडच्या आत्या आहेत, आणि मधोमध एक रिकामी खुर्ची आहे. उजेड मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखा पडलाय. काका अजूनही तो फोटो दाखवताना उजेडाकडेच बोट करतात.

काका ज्या ठिकाणी नोकरीला होते त्याच्या पाटीवर ‘निसर्गनिवास’ असं लिहिलेलं होतं. आसपासचे लोक त्याला ‘झोपड्या’ म्हणायचे. समुद्राच्या अगदी काठाला, माडांच्या सावलीत, बांबूच्या भिंतींच्या आणि झावळ्यांच्या छपराच्या काही खोल्या. पंखा नाही, टीव्ही नाही, न्हाणीघराला छप्पर नाही. अंघोळ करताना वरून माड बघणार आणि खालून एखादा खेकडा. शहरातली थकलेली माणसं लांबून प्रवास करून इथे यायची, दोरीच्या झोळीत अंग टाकायची आणि “अहाहा, काय आराम आहे!” म्हणायची. काकांचं सगळं बालपण बिनपंख्याच्या, बिनछपराच्या घरात खेकड्यांच्या संगतीत गेलं होतं, पण त्याला आराम म्हणतात हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

असा साधेपणा टिकवायला फार राबावं लागतं. खारी हवा लोखंड दिसलं की खात सुटते, म्हणून काका खिळ्यांच्या जागी लाकडाच्या खुंट्या मारायचे. बांबूचे सांधे काथ्याने बांधायचे; काथ्या आधी पाण्यात भिजवून मऊ करायचा, मग पाय लावून आवळायचा. वाऱ्याने झावळी उलटली, टाकीच्या पाइपात वाळू बसली, दिवा मिचमिचायला लागला, की पाहुण्यांच्या आधी काकांना कळायचं. कान असे तिखट, की जेवता जेवता मान वर करून म्हणायचे, “तिसऱ्या खोलीचं दार करकरतंय.” आणि घास तसाच ठेवून, “आलोच!”

एकदा त्यांनी एका दाराची करकर तेल घालून बंद केली, तर त्या खोलीत दरवर्षी उतरणाऱ्या एक बाई रुसल्या. म्हणे, त्या आवाजाशिवाय सुट्टीवर आल्यासारखं वाटत नाही. काकांनी बिचाऱ्यांनी दोन दिवस खपून दार पुन्हा करकरतं करून दिलं. आपल्या कामावर इतकं प्रेम करणारा आणि इतकं कमी समजून घेतला गेलेला माणूस दुसरा नसेल, असं त्यांना त्या वेळी वाटलं. ते काकूंना तसं सांगणारही होते, पण तेवढ्यात झोळीची दोरी तुटली.

काकू याच निवासात खोल्या बघायच्या. चादरी, उशा, टॉवेल, मच्छरदाण्या. मच्छरदाणी चारही कोपऱ्यांनी अशी ताणून बांधायच्या की आत झोपणाऱ्याला भेटवस्तूसारखं वाटावं. दोघांचं घर स्वयंपाकघराच्या मागे होतं, खिडकी पाण्याच्या टाकीकडे उघडणारी. समुद्र तिथून ऐकू यायचा, दिसायचा नाही. आयुष्यभर समुद्राकाठी राहून काकू समुद्राकडे पाठ करून भाजी चिरत आल्या होत्या.

तर झालं असं, की शहरात इस्पितळात नोकरी करणाऱ्या लेकीने नवं घर घेतलं, आणि एका दुपारी तिचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला.

“आई-बाबांसाठी वेगळी खोली आहे,” ती म्हणाली. “महिनाभर तरी या. दोघंही. मी परवा सकाळी गाडी घेऊन येतेय न्यायला. बाबा, ऐकताय ना?”

काका तेव्हा एका बादलीची कडी वाकवत होते. मान वर न करता म्हणाले, “हो हो. तुम्ही दोघी पुढे व्हा. मी आलोच.”

  काकूंनी फोन ठेवला, खाटेखालून बॅग ओढली आणि कपाटातले कपडे त्यात घालायला लागल्या. बॅग फुगत चालली तशी काकांची नजर एकदाची बादलीवरून उठली.

“अगं, महिन्यासाठी एवढे कपडे?”

“महिना ती म्हणाली. मी कुठे म्हणाले?”

“म्हणजे?”

“म्हणजे मी तिकडेच राहीन म्हणते.”

“आणि मी?”

“तुम्ही आहातच की. आलोच म्हणालात ना?” काकूंनी एक पातळशी शाल झटकली. आवाजात राग नव्हता, आणि काकांना नेमकं त्याचंच भय वाटलं. राग त्यांना दुरुस्त करता यायचा. “अहो, इथे राहून तरी मी कुणाबरोबर राहते? तुमच्या ‘आलोच’बरोबर. तो बिचारा रोज येतो. तुम्ही येत नाही.”

काका बादली खाली ठेवून उभे राहिले.  अशा वेळी एरवी कुठलं तरी दार करकरायचं, पण आज दारांनीही दगा दिला.

“मी काय करू म्हणतेस?” शेवटी त्यांनी विचारलं.

“काही करू नका. तेच तर म्हणतेय मी. एक संध्याकाळ माझ्या शेजारी बसा. सूर्य बुडेपर्यंत. मध्ये न उठता. तेवढं जमलं तर मी परत येईन. नाही जमलं तर बसा इथे आलोच म्हणत, ऐकायला टाकी आहे.”

निसर्गनिवासाच्या भिंती बांबूच्या असल्यामुळे हे सगळं बाहेर मालकीणबाईंना स्वच्छ ऐकू आलं. ऐकू आलं नसतं तर त्या अजून जवळ सरकल्या असत्या. बाई पोक्त, गोल चेहऱ्याच्या, आणि माणसं ओळखणाऱ्या. त्या सरळ आत आल्या.

“काका, शेवटची खोली रिकामी आहे,” त्या म्हणाल्या. “परवा लेक येईपर्यंत तुम्ही दोघं तिथे पाहुणे. जेवण तिथे येईल. कुणी कामाला हात लावायचा नाही.”

“पण बाई, वकीलसाहेब आलेत शेजारच्या खोलीत. त्यांच्या न्हाणीतला नळ जरा –”

“वकीलसाहेब बघून घेतील.”

“त्यांना नळ उघडता येतो हेच पुष्कळ आहे, बाई.”

“काका!”

काका गेले. हत्यारांची पिशवी मात्र खांद्याला होतीच. तिला घरी ठेवायचं असतं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. माणूस कान घरी ठेवून जातो का?

पाहुणा होणं हे काम काकांना आणि काकूंना सारखंच अवघड गेलं. काकूंनी खोलीत शिरताच पलंगावरची चादर काढून पुन्हा घातली. ती सकाळी त्यांनीच घातली होती. मग त्या तांब्या भरून आणायला गेल्या, परत आल्या, आणि सवयीने दारावर टकटक करून म्हणाल्या, “टॉवेल बदलायचेत का?”

आत पडलेले काका सवयीनेच म्हणाले, “आलोच!”

काकू दारात उभ्या राहून इतक्या हसल्या, की तांब्यातलं पाणी हिंदकळलं. काकांना जरा हुरूप आला. हसतेय म्हणजे राहील, असा त्यांनी भाबडा अंदाज बांधला.

ते पलंगावर उताणे पडले. हे छप्पर त्यांनी कितीदा शाकारलं होतं, पण शिडीवर उभं राहून. निजून बघायची वेळ आजवर आली नव्हती. निजून बघितल्यावर छप्पर फार सुंदर दिसत होतं. झावळीवर झावळी, मधूनमधून उन्हाचे ठिपके. आणि तिथे, तुळईच्या टोकाला, एक गाठ किंचित सुटलेली. काकांनी कूस बदलली. गाठ पाठीमागून बघत राहिली. काकांनी डोळे मिटले. ती मिटल्या डोळ्यांनीही दिसायला लागली.

पहिल्या संध्याकाळी खोलीपुढच्या व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या मांडून दोघं बसली. समोर वाळू, वाळूपुढे पाणी, पाण्यावर तांबूस उजेड. काकू हात मांडीवर ठेवून बघत होत्या. काकाही बघत होते. खुर्चीच्या हाताकडे. तो हलत होता.

“समोर बघा,” काकू म्हणाल्या.

काकांनी समोर बघितलं. समुद्रात काही बिघडलेलं दिसत नव्हतं. म्हणून त्यांनी शेजारी बघितलं, आणि वाटेवरचा दिवा एकदा लागला, एकदा विझला, पुन्हा लागला. दिवा डोळे मिचकावून आपल्याला बोलावतोय याबद्दल त्यांची खात्रीच पटली.

“अगं, नुसती तार हलली असेल. मी आलो–”

‘च’ त्यांनी गिळला, पण पाय तोवर पायऱ्या उतरले होते. तारेजवळ गेल्यावर खांबही जरा कलला होता. खांब सरळ करताना बाजूची कुंपणाची काठी निघाली. ते परत आले तेव्हा सूर्य केव्हाच बुडाला होता. काकू अजून खुर्चीत होत्या. काकांच्या खुर्चीवर मात्र काकांचा टॉवेल नीट पाठ टेकवून बसवलेला होता.

“छान गप्पा झाल्या,” काकू टॉवेलकडे बघून म्हणाल्या. “एकदासुद्धा उठले नाहीत हो.”

आणि आत गेल्या. काका टॉवेल मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. आपण जिथे नसतो तिथे आपल्यापेक्षा टॉवेल बरा, हे कुणालाही सहज पचणारं नाही.

सकाळी त्यांनी काकूंना म्हटलं, “चल, पाण्यापर्यंत जाऊ.” काकूंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. पाण्याचा पाइप तर फुटला नाही ना, असा त्या नजरेचा अर्थ होता. पण त्या निघाल्या. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना काकांचे कान टवकारले. कट्. थोड्या वेळाने पुन्हा, कट्.

“थांब, थांब.” काका गुडघ्यावर बसले आणि पायरीवर थापा मारायला लागले. “खुंटी सैल झालीय कुठली तरी. तू उतर पुन्हा. हं. आवाज आला ना?”

“पायरी नाही हो ती,” काकू वरून म्हणाल्या. “मी आहे.”

“काय?”

“माझा गुडघा वाजतोय.”

काकांचा हात पायरीवरच राहिला. समोर काकूंचं पाऊल होतं. टाच भेगाळलेली, घोटा सुजलेला, गुडघा जरा आतल्या बाजूला झुकलेला. ज्या माणसाला कलता खांब लांबून कळायचा, त्याला हा कललेला खांब रोज समोरून जाताना दिसला नव्हता.

“कधीपासून?”

“टाकीचा पाइप बदललात ना, त्याच्या आधीपासून.”

“मला ऐकू कसं आलं नाही?”

“तुम्ही तेव्हा बाहेर असायचात,” काकू म्हणाल्या. “येणारच होतात.”

काका उठले. काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाले, “तेल लावायला पाहिजे.”

“मी काय बिजागरी आहे?”

पण त्यांनी काकांच्या खांद्यावर हात टेकवला आणि त्याच्या आधाराने उरलेल्या पायऱ्या उतरल्या.  पाण्यापर्यंत जाताना काका ऐकत होते. वाळूत आवाज येत नव्हता, तरी ऐकत होते. दुपारी त्यांनी खोबरेल कोमट करून आणलं आणि काकूंच्या गुडघ्याला इतक्या हलक्या हाताने चोळलं, की काकू म्हणाल्या, “जरा जोरात. मोडणार नाही मी.” मग त्यांना डुलकी लागली. काका मात्र जागेच होते. वर तुळईची ती गाठ अजून तशीच लोंबत होती, आणि आज बघायला विसरल्याचं त्यांना चहाच्या वेळी आठवलं.

मग आली दुसरी संध्याकाळ. उद्या सकाळी लेक येणार. म्हणजे हीच एक उरली.

काकांनी खुर्च्या मांडल्या. काकूंचा पाय वर ठेवायला स्टूल शोधलं, ते नव्हतं. मग त्यांनी आपल्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी काढली, वाळू झटकली, काकूंच्या पुढ्यात ठेवली आणि त्यांचा पाय उचलून अलगद तिच्यावर ठेवला. आत पक्कड, पाना, वायसर, काथ्याची गुंडी. काकांचा सगळा जीव त्या पिशवीत होता. त्यावर आता काकूंची टाच.

“टोचतंय का?”

“पक्कड टोचतेय. असू दे.”

दोघं समोर बघायला लागली. काकांनी मनात ठरवलं होतं की समुद्राकडे काम म्हणून बघायचं. लाट येते, वाळूवर चढते, परत जाते. येते, जाते. नीट चाललंय. कुणाच्या हाताशिवाय इतकं मोठं काम इतकं नीट चाललेलं पाहून त्यांना आधी थोडा अपमान वाटला, मग थोडं हलकं वाटलं.

“ती बघा, बोट,” काकू म्हणाल्या.

“शीड फाटलंय तिचं.”

“अहो!”

“नुसतं सांगितलं. पोहत थोडाच जातोय.”

काकू हसल्या. मग त्यांनी लेक लहानपणी याच वाळूत कशी हरवली होती आणि एका होडीखाली झोपलेली कशी सापडली, ते सांगितलं. काका तेव्हा कुठे होते याचा उल्लेख त्यांनी टाळला, पण काकांना आठवलं. छपरावर होते. सगळ्यांत आधी वरून हाक मारून “आलोच” म्हणणारे तेच होते, आणि सगळे शोधून परतल्यावर खाली उतरलेलेही तेच.

सूर्य पाण्याला टेकत आला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक हाक फुटली.

“काका! ओ काका! नळ निघाला! तोटीच हातात आली!”

वकीलसाहेब. पाठोपाठ पाण्याचा तो आवाज, फसफसत, उंच उडणारा. काकांना न बघता कळलं की वायसर गेलाय, मागची पाण्याची चावी बंद केली पाहिजे, ती न्हाणीच्या डाव्या कोपऱ्यात आहे, मग वायसर बसवायला पाना लागेल. पाना पिशवीत. पिशवीवर काकूंचा पाय.

 काकूंनी पाय किंचित उचलला, पिशवी मोकळी व्हावी इतकाच, आणि समोर बघत राहिल्या. त्या उचललेल्या पायाचा गुडघा वाजला. कट्.

“काका! येताय ना?”

काकांचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय, ती काय विचारून बाहेर पडते?

“आलोच!” काका ओरडले.

आणि बसून राहिले.

काकूंनी मान वळवली. काका समोर बघत होते. खुर्चीच्या हलणाऱ्या हाताला त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं, की तो हलायचा थांबला. मग त्यांनी एक हात सोडवला, काकूंचा अधांतरी पाय धरला आणि पुन्हा पिशवीवर ठेवला. हात मात्र उचलला नाही.

“अहो, आलोच म्हणालात.”

“म्हणालो की.”

“मग?”

“मग काय? मी कधी लगेच गेलोय का?”

काकूंना हसू आवरेना. पदराऐवजी त्यांनी तोंडावर टॉवेल धरला, तोच कालचा. पलीकडे वकीलसाहेबांची आरडाओरड, बादल्यांचा खणखणाट, मालकीणबाईंचं “डावा कोपरा! अहो डावा!”, आणि मग अचानक पाणी थांबल्याची शांतता. पाठोपाठ वकीलसाहेबांचा विजयी आवाज आला, “बंद केला! मी स्वतः बंद केला!” कुठलाही खटला जिंकून त्यांना इतका आनंद झाला नसेल.

“त्यांनी चावी उलटी पिळली असणार,” काका पुटपुटले.

“असू दे.”

“असू दे,” काका म्हणाले.

सूर्य बुडाला. कसा बुडतो ते काकांनी पहिल्यांदाच पूर्ण बघितलं. शेवटी शेवटी जरा घाई करतो, असं त्यांचं मत पडलं. काकूंनी त्यावर वाद घातला नाही.

सकाळी लेक गाडी घेऊन आली, ती आईला न्यायच्या तयारीने आणि बाबांची समजूत घालायच्या तयारीने. बघते तर बाबा केव्हाचे पुढच्या सीटवर बसलेले, अंघोळ करून, केस विंचरून, मांडीवर काहीही न घेता. हत्यारांची पिशवी त्यांनी वकीलसाहेबांना दिली होती, महिन्याभरासाठी. वकीलसाहेब भिजलेल्या धोतरासारख्या झालेल्या पायजम्यात, खांद्याला पिशवी लावून, प्रत्येक नळाकडे शिकाऱ्याच्या नजरेने बघत हिंडत होते. मालकीणबाई त्यांच्यामागे काळजीने फिरत होत्या.

“आई कुठेय?” लेकीने विचारलं.

काकू खोलीच्या दारात दिसल्या. हातात बॅग होती, परवाच्यापेक्षा अर्धी. त्यांची नजर आत गेली. मच्छरदाणी तशीच लोंबत होती, उशा वेड्यावाकड्या. बॅग त्यांनी पायरीवर ठेवली.

“जरा चादरी ओढून येते गं,” त्या म्हणाल्या. “आलेच!”

आणि आत गेल्या. लेकीने घड्याळ बघितलं. ऊन पायरीवरून व्हरांड्यात चढलं. लेकीने पुन्हा घड्याळ बघितलं आणि हॉर्नकडे हात नेला.

काकांनी तो हात हळूच बाजूला केला.

“थांब जरा,” ते म्हणाले, आणि सीटला पाठ टेकवून समोर समुद्र बघायला लागले. “आलेच म्हणालीय ना ती.”